एनएफसाठी जमवलेले पैसे कुठे घालावेत?

पत्र: माझ्या बहिणीच्या पाच वर्षांच्या मुलीला न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप १ (एनएफ-१) असल्याचं गेल्या वर्षी कळलं. अंगावर चहाच्या रंगाचे डाग, काखेत बारीक ठिपके आणि मानेच्या एका बाजूला मऊ सूज आहे. आम्ही मित्रांनी मिळून २ लाख ४० हजार रुपये जमवले आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर राज्यातली अकरा कुटुंबं एकत्र आली आहेत. कुणी म्हणतं संस्था नोंदवू, कुणी म्हणतं पैसे अमेरिकेत संशोधनाला पाठवू, कुणाला १७ मे रोजी मोठा कार्यक्रम करायचा आहे. एकाने गाठी विरघळवणाऱ्या काढ्याची जाहिरातही टाकली. सुरुवात कुठून करावी? — एक मामा, सातारा जिल्हा

नमस्कार,

पैसे सध्या बँकेतच राहू द्या. एनएफ-१ मध्ये पैशाच्या आधी कमी पडते ती देखरेख. मूल हसतं-खेळतं असतं, डाग दुखत नाहीत, मग वर्षाची तपासणी ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणून लांबते, आणि नेमक्या त्याच वर्षात डोळ्याची नजर उतरते किंवा पाठीचा कणा वळतो. त्यामुळे पहिल्या वर्षाचं तुमचं काम एकच: अकरापैकी एकाही रुग्णाची वार्षिक तपासणी चुकू द्यायची नाही. संस्था, फलक, कार्यक्रम हे सगळं त्याच्या मागून येऊ द्या.

वर्गणी देणारे विचारतील म्हणून आजाराबद्दल थोडं. १७ व्या गुणसूत्रावरच्या एनएफ-१ या जनुकातून न्यूरोफायब्रोमिन नावाचं प्रथिन तयार होतं. पेशींच्या वाढीवर ते ब्रेकचं काम करतं. जनुकाची एक प्रत बिघडली की हा ब्रेक ढिला पडतो आणि नसांच्या आवरणात गाठी होऊ लागतात. साधारण अडीच ते तीन हजार जन्मांमागे एका बाळाला हा आजार असतो. जवळपास निम्म्या रुग्णांच्या घरात आधी कुणालाच तो नसतो, बदल त्या मुलातच नव्याने झालेला असतो. ग्रहणात आईने भाजी चिरली म्हणून डाग आले, माहेरकडून आलं, सासरकडून आलं, ही बोलणी तुमच्या बहिणीच्या कानावर पडलीच असतील. ती थांबवणं हीसुद्धा मामाची मदतच. आजार संसर्गजन्य नाही, आणि हे डाग म्हणजे कोड किंवा कुष्ठरोग नाही. मात्र ज्याला आजार आहे त्याच्या प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता ५० टक्के असते. एकाच घरात बापाला चार डाग आणि मुलाला मोठी गाठ, असंही दिसतं, त्यामुळे बापाकडे पाहून मुलाचं भविष्य सांगता येत नाही.

गटातल्या अकराही जणांचं निदान एकदा तपासून घ्या. २०२१ मध्ये सुधारलेले निकष असे: वयात येण्याआधी ५ मिलिमीटरपेक्षा मोठे, वयात आल्यावर १५ मिलिमीटरपेक्षा मोठे, असे सहा किंवा जास्त डाग; काखेत किंवा जांघेत ठिपके; दोन किंवा जास्त न्यूरोफायब्रोमा (नसेच्या आवरणातल्या गाठी), किंवा एक प्लेक्सिफॉर्म, म्हणजे नसेच्या फांद्यांवर पसरलेला, न्यूरोफायब्रोमा; डोळ्याच्या नसेवरचा ग्लायोमा (एक प्रकारची गाठ); बुबुळावरच्या बारीक लिश गाठी, किंवा डोळ्याच्या आतल्या पडद्यातले ठरावीक बदल; नडगीचं हाड बाकदार असण्यासारखे हाडांचे विशिष्ट दोष; आणि जनुक चाचणीत सापडलेला बदल. यातल्या दोन गोष्टी हव्यात. आई किंवा वडिलांना आजार असेल तर एक पुरते. फक्त डाग आणि ठिपके असतील तर लेगियस सिंड्रोम हा सौम्य आजारही तसाच दिसतो. त्यात गाठी होत नाहीत, आणि तो वेगळा काढायला जनुक चाचणी लागते. गटात कुणी एनएफ-२चा रुग्ण असेल तर त्याचं सगळंच निराळं. २०२२ पासून त्या आजाराला एनएफ-२ संबंधित श्वानोमॅटोसिस म्हणतात. जनुक २२ व्या गुणसूत्रावर, आणि मुख्य धोका दोन्ही कानांच्या नसांना. त्या कुटुंबाला एनएफ-१चं वेळापत्रक देऊ नका, त्यांना श्रवणचाचणी आणि डोक्याचा एमआरआय लागतो.

आता वही. प्रत्येक कुटुंबाला एक दोनशे पानी वही घेऊन द्या. मोबाइलमधलं अ‍ॅप वर्षभरात बंद पडतं किंवा फोनच बदलतो. वहीत दरवर्षी लिहायच्या गोष्टी: उंची, वजन, डोक्याचा घेर, रक्तदाब, डोळे, पाठ, त्वचा, शाळा. रक्तदाब पाच वर्षांच्या मुलीचासुद्धा मोजायचा, कारण या आजारात मूत्रपिंडाची रोहिणी अरुंद होऊ शकते आणि मोठेपणी अ‍ॅड्रिनल ग्रंथीची गाठ होऊ शकते. मोजताना दंडाचा पट्टा लहान मुलांचा हवा. मोठ्यांचा पट्टा आकडा कमी दाखवतो, छोट्या दवाखान्यात ही चूक रोज होते. पट्टा नसेल तर गटाने एक विकत घेऊन तो तपासणीला न्यावा, फार महाग नसतो.

डोळ्यांची तपासणी आठ वर्षांपर्यंत वर्षातून किमान एकदा, आणि ती नेत्रतज्ज्ञाकडेच. चष्म्याच्या दुकानात नंबर काढून भागत नाही. सुमारे १५ ते २० टक्के मुलांत डोळ्याच्या नसेवर ग्लायोमा होतो, बहुतेकदा सहा-सात वर्षांच्या आत. यातल्या कित्येकांना कधीच उपचार लागत नाहीत. उपचार करायचा की नाही हे ठरतं ते नजर उतरते आहे का यावर, आणि पाच वर्षांचं मूल ‘मला एका डोळ्याने कमी दिसतं’ असं आपण होऊन सांगत नाही. दोन्ही डोळे वेगवेगळे झाकून, अक्षरं येत नसतील तर चित्रांच्या तक्त्यावर, नजर मोजून घ्या आणि आकडा वहीत उतरवा. डोळा पुढे येणं, तिरळेपणा, किंवा आठ वर्षांच्या आधी वयात येण्याची लक्षणं दिसली तर वर्षाची वाट पाहू नका. काहीच लक्षण नसताना ‘खात्री म्हणून’ डोक्याचा एमआरआय मात्र मागू नका. लहान मुलाला त्यासाठी गुंगी द्यावी लागते, आणि निरुपद्रवी ठिपके दिसून घर उगाच घाबरतं.

पाठ पाहायला मुलीला दोन्ही हात जोडून पुढे वाकायला सांगा. एक बाजू उंच दिसली तर हाडांच्या डॉक्टरांकडे. गटात नुकतं चालायला लागलेलं मूल असेल तर त्याची नडगी पाहा. बाकदार नडगी मोडली तर ती सहजी जुळत नाही, म्हणून मोडण्याआधीच आधारपट्टा लावतात.

तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाची ओळ मानेजवळच्या सुजेची आहे. ती प्लेक्सिफॉर्म न्यूरोफायब्रोमा असण्याची शक्यता धरूनच चाला. ही गाठ बहुधा जन्मापासून असते, एका नसेच्या अनेक फांद्यांना वेढून पसरते आणि लहान वयात जास्त वेगाने वाढते. इथे होणारी नेहमीची चूक म्हणजे ‘चरबीची गाठ आहे, काढून टाकू’ असं म्हणून गावातच भूल देऊन कापणं. आत रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, रक्तस्राव आवरत नाही, नस दुखावते आणि उरलेली गाठ पुन्हा वाढते. मान म्हटल्यावर श्वासनलिकाही जवळ असते, तेव्हा घोरणं, आवाज बदलणं, गिळताना अडखळणं यांची तारीख वहीत लिहा. कापण्याच्या आधी एमआरआय आणि एनएफ पाहणाऱ्या टीमचं मत, हा क्रम मोडू देऊ नका.

एमआरआय झाला की नुसता छापील अहवाल घेऊन येऊ नका, मूळ प्रतिमांची सीडी किंवा पेन ड्राइव्ह मागा. या गाठी वेड्यावाकड्या आकाराच्या असल्याने लांबी-रुंदी मोजून काही कळत नाही, घनफळ मोजावं लागतं, आणि ते मूळ प्रतिमांवरूनच निघतं. २० टक्के किंवा जास्त फरक पडला तरच गाठ खरोखर वाढली किंवा घटली असं धरतात. मधल्या काळात सहा महिन्यांतून एकदा फोटो काढा: तोच कोन, खिडकीचा उजेड, शेजारी पट्टी. फोटो एकाच फोनमध्ये आणि एका पेन ड्राइव्हवर ठेवा. उघड्या अंगाचे मुलांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकायला पहिल्याच दिवशी बंदी घाला. ‘डॉक्टर आहेत ना गटात’ हे कारण चालवून घेऊ नका.

गटातल्या मोठ्यांसाठी, आणि किशोरांसाठीही, वहीच्या पहिल्या पानावर धोक्याच्या खुणा लिहा: रात्री झोपेतून उठवणारी किंवा सतत वाढणारी वेदना, एखादी गाठ अचानक भराभर वाढणं, मऊ गाठ कडक होणं, हातापायात नवी कमजोरी. या आजारात आयुष्यभरात साधारण ८ ते १३ टक्के रुग्णांना नसेच्या आवरणाचा कर्करोग होतो, आणि तो बहुधा जुन्या प्लेक्सिफॉर्म गाठीतच सुरू होतो. अशी खूण दिसली की त्याच आठवड्यात सार्कोमा, म्हणजे अशा प्रकारचे कर्करोग, पाहणाऱ्या केंद्रात, म्हणजे मुंबईत टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी. आधी गावात गाठ काढून मग जायचं नाही. त्याने पुढची शस्त्रक्रिया अवघड होते. एनएफ-१ असलेल्या बायकांना पन्नाशीच्या आत स्तनाचा कर्करोग होण्याचा धोकाही जास्त असतो, म्हणून त्यांची मॅमोग्राफी तिसाव्या वर्षापासून दरवर्षी. अकरा घरांत आजार असलेली एखादी आई असेलच, आणि ती मुलाच्या धावपळीत स्वतःची तपासणी विसरत असेल.

एवढं ऐकल्यावर पैशाची वाटणी सोपी होते. निम्मे प्रवास आणि तपासण्यांसाठी ठेवा. भाडं तिकीट पाहून द्या, तपासणीचं बिल थेट रुग्णालयाला किंवा लॅबला भरा, रोख कुणाच्या हातात नको. प्रत्येक कुटुंबाला वर्षाची मर्यादा आधीच ठरवा, नाहीतर पहिली दोन घरं सगळं संपवतात आणि गट फुटतो. पाव भाग जनुक चाचण्यांसाठी, पण सरसकट नव्हे. आधी आई-वडिलांची त्वचा आणि स्लिट लॅम्पवर (नेत्रतज्ज्ञाच्या सूक्ष्मदर्शकावर) बुबुळ तपासून घ्या. त्याला फारसा खर्च नाही, आणि आजार घरातून आला का हे बऱ्याचदा तिथेच कळतं. चाचणी घ्यायचीच तर लॅबला विचारा की जनुकाचा मोठा तुकडा गळालेला असेल तर तो यात सापडतो का. स्वस्त चाचणीत तो भाग नसतो, आणि पूर्ण जनुक गळालेल्या मुलांचा आजार सहसा जास्त तीव्र असतो. उरलेला पाव भाग शाळेसाठी राखा, त्याबद्दल शेवटी.

औषधाबद्दल गटात बोलणं चालू असेलच. सेल्युमेटिनिब हे औषध शस्त्रक्रिया न करता येणाऱ्या आणि त्रास देणाऱ्या प्लेक्सिफॉर्म गाठींसाठी अमेरिकेत एप्रिल २०२० मध्ये मंजूर झालं, मिर्डामेटिनिब फेब्रुवारी २०२५ मध्ये, मुलं आणि मोठी माणसं दोघांसाठी. ज्या अभ्यासावर सेल्युमेटिनिबला मान्यता मिळाली त्यात ५० मुलं होती आणि ३५ जणांची गाठ २० टक्के किंवा त्याहून जास्त आटली. गाठ नाहीशी झाली नाही. डागांवर आणि साध्या त्वचेच्या गाठींवर हे औषध नाही. सुरू करण्याआधी हृदयाचा टूडी एको आणि डोळे तपासावे लागतात, पुढेही ठरावीक अंतराने; पुरळ, नखाभोवती पू, जुलाब हे नेहमीचे त्रास.

निधी उभारणाऱ्यांची फसगत होते ती पुढे. औषध काही महिन्यांचं नाही, वर्षानुवर्षं चालतं, आणि थांबवलं की गाठ पुन्हा वाढू शकते. मात्रा शरीराच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर ठरते, म्हणजे मूल वाढेल तसा खर्चही वाढतो. तीन महिन्यांपुरते पैसे गोळा करून औषध सुरू करणं आम्हाला मान्य नाही. किमान दोन वर्षांची सोय, कंपनीच्या रुग्ण-साहाय्य योजनेची लेखी माहिती आणि डॉक्टरांनी ‘आता थांबवायचं’ कधी म्हणायचं याचा निकष, एवढं हातात असेल तरच मोहीम उघडा. सेल्युमेटिनिबची कॅप्सूल अख्खी गिळावी लागते, तेव्हा लहान मुलीला आधी छोट्या गोळीवर सराव द्यावा लागेल हेही लक्षात ठेवा.

सरकारी वाटा. मुंबईचं केईएम रुग्णालय केंद्राच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणाखालचं उत्कृष्टता केंद्र आहे. धोरणातल्या आजारांच्या यादीत भर पडत असते, म्हणून तुमच्या भाचीची नोंद कोणत्या शीर्षाखाली होईल हे तिथल्या कक्षात जाऊन विचारा, फोनवर उत्तर घेऊ नका. शस्त्रक्रियेची वेळ आली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ती बसते का हे आरोग्यमित्राला (योजनेच्या रुग्णालयातल्या मदतनीसाला) विचारा, धर्मादाय रुग्णालयातल्या राखीव खाटांसाठी उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. अपंगत्वाच्या दाखल्याबाबत एक गैरसमज दिसतो. २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत ‘न्यूरोफायब्रोमॅटोसिस’ असं नाव नाही. दाखला मिळतो तो परिणामावर: नजर कमी, हालचालीत अडथळा, विशिष्ट अध्ययन अक्षमता. अर्जात आजाराचं नाव मोठं आणि परिणाम बारीक लिहिला की अर्ज परत येतो.

संस्थेचं म्हणाल तर घाई नको. संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात, महाराष्ट्रात मग धर्मादाय आयुक्तांकडे दरवर्षी हिशेब, लेखापरीक्षण, बदल अर्ज हे सगळं आलंच. अकरा घरांपैकी हे काम करायला दोन माणसं खरोखर मोकळी आहेत का? नसतील तर एक वर्ष एखाद्या नोंदणीकृत संस्थेच्या छत्राखाली काम करा. दुर्मिळ आजारांसाठी देशपातळीवर ऑर्गनायझेशन फॉर रेअर डिसीजेस इंडिया आहे. दोन गोष्टी आजच पाळा. उत्सवाच्या नावाने घेतलेली वर्गणी इकडे वळवू नका, या कामाची पावती वेगळी. आणि अमेरिकेतल्या नातेवाइकांचे पैसे घेताना नागरिकत्व विचारा. भारतीय पासपोर्ट असलेल्याने बँकेतून पाठवलेली रक्कम विदेशी देणगी धरत नाहीत. ग्रीन कार्ड असलं तरी पासपोर्ट भारतीयच असतो. अमेरिकी नागरिक झालेल्याची, अगदी ओसीआय कार्डवाल्याचीसुद्धा, देणगी विदेशी ठरते, आणि एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगी कायद्याच्या, परवानगीशिवाय ती घेणं गुन्हा आहे.

अमेरिकेला पैसे पाठवण्यात आम्हाला अर्थ दिसत नाही. तिथे चिल्ड्रन्स ट्यूमर फाउंडेशन १९७८ पासून आहे, आणि रुग्णांच्या घरच्यांनी पाठपुरावा केल्यावर १९९६ मध्ये तिथल्या संरक्षण खात्याच्या वैद्यकीय संशोधन निधीत एनएफचा वेगळा कार्यक्रम सुरू झाला. प्रस्ताव निवडताना शास्त्रज्ञांच्या बरोबरीने रुग्णांचे प्रतिनिधी बसतात. तुमच्या अडीच लाखांनी तिथे काही हलणार नाही. पण नोंदींनी हलेल. वरच्या सेल्युमेटिनिब अभ्यासात औषध न घेतलेल्या मुलांशी तुलना करता आली, कारण अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने त्याआधी कितीतरी वर्षं मुलांच्या गाठी नियमित मोजून ठेवल्या होत्या. तीन वर्षांनी औषध घेणाऱ्यांपैकी ८४ टक्के मुलांची गाठ वाढलेली नव्हती, न घेणाऱ्यांत हे प्रमाण १५ टक्के होतं. मोजलेलं नसतं तर ही तुलनाच करता आली नसती. तेव्हा वह्या आणि सीडी नीट राहिल्या की उद्या इथल्या एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाने अभ्यास काढला तर तुमच्याकडे तयार माहिती असेल. ती देताना संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी आणि प्रत्येक कुटुंबाची लेखी संमती मागा. कुठे गाठ काढली तर पॅथॉलॉजीच्या ब्लॉकचा (मेणात जपलेल्या गाठीच्या तुकड्याचा) क्रमांक वहीत लिहा आणि ब्लॉक किती वर्षं ठेवतात ते विचारून घ्या. औषध-चाचणीत बोलावणं आलं तर भारतातल्या चाचण्यांच्या सीटीआरआय नोंदवहीत ती आहे का पाहा. नवीन औषधाच्या चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे मागत असतील तर निघून या.

काढ्याचं एका वाक्यात: गाठी बऱ्या करण्याची जाहिरात करणंच १९५४ च्या औषधी व जादूटोणासदृश उपचार कायद्याने बंद आहे, त्यामुळे ती जाहिरात गटातून काढा आणि ज्याने टाकली त्याला चारचौघांत न बोलता फोन करून समजवा, तोही घाबरलेला बापच आहे.

राहिला १७ मे, म्हणजे जागतिक एनएफ दिन. इमारती निळ्या-हिरव्या उजळवणं छान दिसतं, नगरपालिका फुकट करत असेल तर जरूर करा. पण त्या दिवशी आपल्याकडे शाळांना सुट्टी असते आणि ज्यांना सांगायला हवं ते शिक्षक गावाला गेलेले असतात. शिवाय पोस्टरवर ‘एलिफंट मॅन’ जोसेफ मेरिकचं चित्र टाकू नका. त्याला एनएफ होता ही जुनी समजूत आहे. १९८६ पासून तज्ज्ञ प्रोटियस सिंड्रोमकडे बोट दाखवतात, आणि ते चित्र पाहून पाच वर्षांच्या मुलीची आई रात्रभर झोपणार नाही.

खरा कार्यक्रम शाळा उघडल्यावर, जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात ठेवा. एनएफ-१ असलेल्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त जणांना शिकण्यात काही ना काही अडचण येते: लक्ष टिकत नाही, अक्षर वाकडं, फळ्यावरून उतरवताना ओळ सुटते, सूचना एकदम तीन दिल्या की दोन विसरतात. बाई त्याला आळस म्हणतात. राखलेला पाव निधी बालमानसशास्त्रज्ञाकडून शैक्षणिक मूल्यमापन करून घ्यायला वापरा, पहिलीत जाण्याआधी एकदा आणि तिसरी-चौथीत पुन्हा, कारण दहावीच्या परीक्षेत जादा वेळ आणि सवलती मागायच्या तर मान्यताप्राप्त रुग्णालयाचा अध्ययन अक्षमतेचा दाखला लागतो आणि तो नववीत धावपळ करून वेळेत हाती येत नाही. वर्गशिक्षकांना द्यायचा कागद एकाच पानाचा असू द्या: आजार लागत नाही, डागांवरून चिडवणं थांबवा, पहिल्या बाकावर बसवा, सूचना एकेक द्या, डोकं दुखतं किंवा फळा दिसत नाही असं म्हणाली तर त्याच दिवशी घरी कळवा. खाली आईचा आणि मामाचा फोन नंबर.